एलईडीखाली रोपं खुरटतायत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात लाईटखाली बी लावलं, छान उगवलं, दोन पानं आली आणि मग गाडी तिथेच अडकली, महिना झाला तरी रोप बोटभर पण नाही. असे प्रश्न सतत येत असतात म्हणून उत्तरं एकाच जागी टाकतोय. बहुतेकांचा संशय पहिला लाईटवर जातो कारण डोळ्यासमोर तोच असतो, पण माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा गडबड खाली, मुळाशी असते.

रोप खरंच खुरटलंय की त्याचा स्पीडच तेवढा आहे?

आधी हे बघा कुठलं झाड आहे. टोमॅटोला उगवल्यानंतर तीन-चार आठवड्यांत दोन ते चार खरी पानं (उगवतानाच्या पहिल्या दोन पानांनंतर येणारी) यायला हवीत, कोबी-फ्लॉवर तर त्याहून पळतात. मिरची आणि वांगं निवांत असतात. आणि लॅव्हेंडर, पार्सली, बियांपासूनची स्ट्रॉबेरी ही मंडळी महिनाभर जवळजवळ हलत नाहीत, त्यात काही बिघडलेलं नसतं.

दुसरी खूण म्हणजे नवीन पान. प्रत्येक नवीन पान आधीच्या खऱ्या पानापेक्षा मोठं येत असेल तर रोप ठीक आहे, घाई तुम्हाला आहे. नवीन पान आधीच्यापेक्षा लहान, जाड, वेडंवाकडं येतंय किंवा शेंड्यात नुसती बारीक मूठ वळून बसलीय, तर मात्र खुरटलंय. रोज बघून फरक कळत नाही म्हणून बाजूला पट्टी उभी करून चार दिवसाआड फोटो काढा, डोळ्यापेक्षा फोटो जास्त खरं बोलतो.

सगळी नाही, ट्रेमधली काहीच रोपं बुटकी आहेत. असं का?

हा प्रश्न विचारणारे नशीबवान, कारण उत्तर ट्रेमध्येच लिहिलेलं असतं. वरून एक फोटो काढा आणि बुटकी रोपं कुठे आहेत ते बघा. कडेची आणि कोपऱ्यातली बुटकी असतील तर एकतर तिथे लाईट कमी पोचतो किंवा कडेचे कप्पे लवकर सुकतात, कप्प्यात बोट घालून बघितलं की कळतं यातलं काय ते. बरोबर दिव्याखालची मधली रोपं दबलेली आणि कडेची मस्त, तर प्रकाश जास्त होतोय. एकाच बाजूची बुटकी, आणि ती बाजू खिडकीच्या काचेकडे किंवा एसीच्या झोताकडे, मग थंडी. कुठलाच पॅटर्न नाही, एक मोठं एक छोटं असं विखुरलेलं असेल तर बी जुनं किंवा कमजोर असण्याची शक्यता जास्त, किंवा काही बिया खोल गेल्या. आणि एकाच पाकिटातली सगळी ओळ बुटकी पण शेजारची दुसऱ्या जातीची ओळ ठणठणीत असेल तर लाईट-पाणी-खताच्या मागे लागू नका, ते बी तसलं आहे.

लाईट कमी पडतोय की जास्त, कसं ओळखायचं?

प्रकाश कमी असेल तर रोप सहसा खुरटत नाही, उलट लांबतं. खोड काडीसारखं, दोन पानांमधलं अंतर मोठं, रंग फिकट, आणि सगळं दिव्याकडे झुकलेलं. जास्त असेल तर रोप जमिनीला चिकटून बसतं, पेरं अगदी जवळजवळ, पानं जाड आणि कडक, कडा वरच्या बाजूला वळलेल्या, पुढे वरची पानं फिकट पांढुरकी व्हायला लागतात.

आता यात एक फसवाफसवी आहे. निळ्या प्रकाशाने खोडाची लांबी आवरली जाते, आणि बऱ्याच एलईडींत निळा भरपूर असतो, उन्हात असतो तसा फार-रेड (लालच्या पुढचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा प्रकाश) मात्र जवळपास नसतो. त्यामुळे अशा दिव्याखाली प्रकाश कमी असूनही रोप लांबत नाही, बुटकं आणि नीटनेटकं दिसतं आणि आपल्याला वाटतं लाईट पुरतोय. पण वजन वाढत नसतं, खोड जाड होत नसतं, पानं पातळ राहतात. म्हणून 'लांबलं नाही म्हणजे प्रकाश पुरेसा' हा नियम एलईडीखाली डोळे मिटून लावता येत नाही, मोजून बघावं लागतं.

मग मोजायचं कसं? माझ्याकडे मीटर नाहीये.

झाडाला उपयोगी पडणारा प्रकाश पीपीएफडी मध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात ते. रोपांना साधारण १५० ते २५० पुरतं. अगदी नुकत्या उगवलेल्यांना १०० पण चालतं. पण झाड दिवसाचा एकूण हिशोब ठेवतं, त्याला डीएलआय म्हणतात, आणि तो काढायला पीपीएफडी गुणिले तास गुणिले ०.००३६ करायचं. २०० पीपीएफडी १६ तास दिलं तर ११.५ येतं, टोमॅटो-मिरचीच्या रोपांसाठी १० ते १५ च्या मधे असलं की झालं, पालेभाज्यांची रोपं त्याहून थोडक्यात भागवतात.

मीटर नसेल तर फोनमधलं लक्स (डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप) मोजायचं ॲप वापरा. पांढरा एलईडी असेल तर लक्सला ७० ने भागलं की पीपीएफडीचा अंदाज येतो, म्हणजे १४,००० लक्स म्हणजे जवळपास २००. फोनचा सेन्सर काही प्रयोगशाळेतला नसतो त्यामुळे आकडा वर-खाली होणारच, पण मध्यभागी किती आणि कोपऱ्यात किती ही तुलना करायला तो पुरेसा आहे. फोन पानांच्या उंचीवर ठेवायचा, टेबलावर नाही. जांभळ्या-गुलाबी दिव्याखाली मात्र हे गणित विसरा, लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतात आणि डोळ्याला निळा आणि लाल कमी दिसतो.

डब्यावर १००० वॅट लिहिलंय, तरी प्रकाश कमी कसा पडेल?

कारण ते १००० वॅट नसतातच. तो आकडा जाहिरातीचा. प्लगला वॅटमीटर लावून बघा, खरी खेच कित्येकदा शंभराच्या आसपास किंवा त्याच्याही खाली निघते.

हिशोब सोपा आहे. ६० बाय ६० सेंटीमीटरचा ट्रे म्हणजे ०.३६ चौरस मीटर, त्यावर २०० पीपीएफडी हवं तर सेकंदाला ७२ मायक्रोमोल लागले. चांगला आजकालचा दिवा एका वॅटमागे २.५ मायक्रोमोल देतो, म्हणजे कागदावर २९ वॅट, आणि बाजूला सांडणारा प्रकाश धरून ४० वॅट पकडा. जुना किंवा स्वस्तातला दिवा याच्या निम्मं पण देत नाही, मग तिथे दुप्पट-अडीचपट वॅट लागणार.

दिवा किती उंचीवर लावू?

ट्यूबसारख्या पट्ट्या असतील तर रोपाच्या वर १० ते २० सेंटीमीटर, मोठं पॅनल असेल तर ४५ ते ६० पासून सुरुवात करा, डिमर असेल तर तो खाली आणा. हात ठेवून गरम लागतंय का बघायची जुनी पद्धत इथे चालत नाही. एलईडीची उष्णता बरीचशी मागच्या पत्र्यातून वर जाते, खाली हाताला गार लागत असतानाही पानांना प्रकाश जास्त होत असू शकतो. आणि 'अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौथाई' हे फक्त एकट्या बल्बला लागू पडतं, पॅनल किंवा चार पट्ट्या शेजारी शेजारी असतील तर प्रकाश इतक्या वेगाने घटत नाही.

२४ तास चालू ठेवला तर लवकर वाढतील ना?

नाही. १४ ते १६ तास द्या. टोमॅटोला सततचा प्रकाश सहन होत नाही, पानांवर पिवळे डाग पडत जातात आणि वाढ उलट मंदावते, हे चांगलं माहिती असलेलं आहे. वांग्याचंही तसंच. टायमर लावा, आणि तो खरंच बंद-चालू करतोय का हे एकदा रात्री जाऊन बघा कारण टायमर बिघडून दिवा रात्रभर जळत राहिला असे किस्से ढिगाने आहेत.

लाईट मोजला, बरोबर आहे, तरी रोप जागचं हलत नाही. आता काय?

आता थर्मामीटर काढा, आणि तो भिंतीवर लावू नका, ट्रेमधल्या मातीत खुपसा. एलईडीखालच्या खुरटण्यात सगळ्यात जास्त वेळा निघणारं कारण हे आहे, आणि सगळ्यात कमी तपासलं जाणारं पण हेच.

होतं काय की ऊन किंवा जुने सोडियम दिवे प्रकाशाबरोबर इन्फ्रारेड पण टाकतात, त्याने पान आणि मातीचा वरचा थर गरम होतो. एलईडी ते जवळजवळ टाकत नाही. त्यात ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यातून पाणी उडत राहतं आणि ते स्वतःलाच गार करत बसतं, खाली थंड फरशी किंवा लोखंडी रॅक. त्यामुळे खोलीत २२ डिग्री दाखवत असताना मुळांपाशी १८-१९ असू शकतं, रात्री आणखी कमी. कोबी, लेट्यूस यांना त्याचं काही वाटत नाही, पण टोमॅटोला मुळाशी २० ते २४ आणि मिरची-वांग्याला २४ ते २७ मिळालं तर ती धावतात, आणि १५-१६ वर मिरची अक्षरशः थिजून बसते, मरत नाही आणि वाढतही नाही.

याची खूण म्हणजे पानाखालचा जांभळट रंग. गार मातीत मूळ स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलू शकत नाही. माती स्फुरदाने भरलेली असली तरी. म्हणून जांभळं दिसलं की लगेच स्फुरदवालं खत ओतायचं नाही, आधी ट्रे गरम करायचा, बहुतेक वेळा नवीन पानं आपोआप हिरवी येतात. (काही जातींची पानं मुळातच जांभळी असतात आणि कडक प्रकाशातही रंग येतो, तो भाग वेगळा. वाढ चालू असेल तर रंगाकडे दुर्लक्ष करा.)

उपाय: ट्रेखाली हीट मॅट, आणि मॅटला थर्मोस्टॅट, ज्याचा सेन्सर मातीत असेल. थर्मोस्टॅट नसलेली मॅट बंद खोलीत माती ३५ च्या वर नेऊ शकते आणि मग दुसरंच दुखणं सुरू. मॅट नसेल तर निदान ट्रे फरशीवरून उचला, खाली थर्माकोलची शीट टाका, पाणी नळातून काढून खोलीत ठेवलेलं द्या.

पाणी किती आणि कधी?

रोज नाही, एवढं आधी पक्कं करा. 'रोज सकाळी थोडं थोडं' ही सवय रोपांना सगळ्यात महागात पडते कारण एलईडीखाली पान गार राहतं, पाणी कमी उडतं, आणि कप्प्यातली ओल काही केल्या जात नाही. मुळाला हवा लागते. शेतात ज्याला वाफसा म्हणतात ती अवस्था ट्रेमध्ये पण यायला हवी, ओल आहे पण चिखल नाही.

ट्रे उचलून वजनाचा अंदाज घ्या, भरपूर पाणी दिल्यावर किती जड लागतो आणि सुकल्यावर किती हलका, चार-पाच दिवसांत हाताला सवय होते. हलका लागला की खालून पाणी द्या, वीस मिनिटं-अर्धा तास पिऊ द्या, उरलेलं ओतून टाका. वर हिरवं शेवाळ, कुबट वास, बारीक काळी चिलटं, बीजपत्रं (उगवताना येणारी पहिली दोन पानं) फुगीर आणि खाली वळलेली, ही सगळी जास्त पाण्याची लक्षणं.

आणि एक रोप बळी द्या. हलकेच गड्ड्यासकट वर काढून मुळं बघा. पांढरी, केसाळ, कडेपर्यंत पोचलेली असतील तर मुळं ठीक. तपकिरी, बुळबुळीत, धरून ओढलं की साल निघून आत दोरा उरतो, मग ती सडलीत. मुळं पांढरीच आहेत पण कप्प्यात गोल गोल फिरून गच्च झालीत, तर रोप आजारी नाही, त्याला जागा पुरत नाहीये, मोठ्या कुंडीत हलवा. हे एक मिनिटाचं काम आहे आणि लोक ते करत नाहीत, त्याऐवजी नवीन दिवा मागवतात.

कोकोपीटमध्ये लावलंय, त्यात काय वाईट?

वाईट काही नाही पण त्यात खाऊ पण काही नाही. शिवाय न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम-पोटॅशियमचे क्षार असतात, आणि कोकोपीट कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवतं, रोपाला मिळू देत नाही. म्हणून बफर केलेलं घ्या, नाहीतर आधी धुवा, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवा आणि पुन्हा धुवा. साध्या पाण्याने कितीही धुतलं तरी चिकटून बसलेलं सोडियम पूर्ण जात नाही, त्याला हुसकावायला कॅल्शियमच लागतं.

उलट बाजूने गांडूळखत. ते घालावं, पण पाचव्या हिश्श्याच्या पुढे नको. निम्मं गांडूळखत घालून पेरलेल्या ट्रेमध्ये क्षार इतके असतात की मूळ पुढेच जात नाही, पानांच्या कडा करपतात.

खत कधीपासून? किती?

बीजपत्रांत सुरुवातीचे आठ-दहा दिवस पुरेल इतका साठा असतो. पहिलं खरं पान उघडलं की सुरू करा, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या चौथाईने, पुढे अर्ध्यापर्यंत. ईसी मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार किती ते दाखवणारा) असेल तर सुरुवातीला ०.५ ते १.०, दोन-तीन खरी पानं झाल्यावर १.० ते १.५. ट्रेखालून निथळलेलं पाणी २ च्या वर दाखवत असेल तर खत थांबवून साध्या पाण्याने धुवून काढा. टीडीएस पेन (हेच क्षार पीपीएममध्ये दाखवणारा) वापरणाऱ्यांनी आपला पेन कुठल्या स्केलचा आहे ते बघावं, एकच १.० ईसी एका पेनवर ५०० पीपीएम दिसतं आणि दुसऱ्यावर ७००.

१९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) बद्दल फार विचारतात. चालतं, पण त्यात कॅल्शियम नसतं आणि नत्र मोठ्या प्रमाणात युरिया-अमोनियाच्या रूपात असतं, गार ओल्या ट्रेमध्ये कोवळ्या मुळांना ते झेपत नाही. एका वेळी ते आणि पुढच्या वेळी कॅल्शियम नायट्रेट असं आलटून पालटून द्या. दोन्ही एकाच बाटलीत घट्ट कालवू नका, कॅल्शियम आणि स्फुरद एकमेकांना धरून खाली बसतात.

नवीन पानं पिवळी, शिरा हिरव्या, आणि वाढ थांबलीय.

नवीन पानांवर असेल तर लोह मिळत नाहीये, आणि बहुधा लोह कमी नसून पीएच (मातीचा आम्ल-विम्लपणा दाखवणारा आकडा) चढलाय. जड पाण्यात बायकार्बोनेट असतात, ते हळूहळू माती ७ च्या वर नेतात. ५.८ ते ६.५ मध्ये आणा. सायट्रिक ॲसिडची चिमूट पाण्यात टाकून तात्पुरतं भागतं. जुन्या खालच्या पानांवर असाच पिवळेपणा असेल तर मॅग्नेशियम बघा. आरओचं पाणी वापरणाऱ्यांना उलटी अडचण, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतंच, वरून द्यावं लागतं.

पानं पेल्यासारखी वळलीत, शेंडा पिळवटलाय. लाईट?

लाईट असू शकतो, कोरडी हवा असू शकते, दिवा वर घ्या आणि आर्द्रता ६०-७० टक्क्यांपर्यंत न्या, चार-सहा दिवसांत नवीन पान सरळ यायला हवं. नाही आलं तर कंपोस्टवर संशय घ्या. क्लोपायरॅलिड किंवा अमिनोपायरॅलिड ही तणनाशकं मारलेल्या गवताचं शेणखत-कंपोस्ट बनवलं तर ती तणनाशकं त्यात टिकून राहतात आणि टोमॅटो, घेवडा, वाटाणा यांची पानं नेमकी अशीच वळतात. खात्री करायला त्याच मिश्रणात चार घेवड्याचे दाणे लावा आणि शेजारी साध्या कोकोपीटमध्ये चार. दोन आठवड्यांत निकाल समोर.

ती बारीक चिलटं खरंच नुकसान करतात का?

उडणारी नाही करत, मातीतल्या त्यांच्या अळ्या करतात, कोवळी केसमुळं खातात आणि त्या जखमांतून रोपमरीची बुरशी आत जाते. वरचा एक सेंटीमीटर थर सुकू द्या, पिवळे चिकट सापळे लावा, फार झाली तर पाण्यातून बीटीआय (एक जिवाणूजन्य कीटकनाशक) द्या, ते अळ्यांवर चालतं.

पंखा लावू का?

मंद लावा, पानं जेमतेम हलतील इतका. खोड जाड होतं. दिवसभर तोंडावर झोत मारलात तर मात्र त्यानेच रोप बुटकं राहील.

सगळे उपाय केले, फरक दिसायला किती दिवस?

सगळे एकदम केलेत तर फरक पडूनही कशाने पडला ते कळणार नाही. ट्रे अर्धा करा, अर्ध्याला एकच बदल, अर्धा तसाच. आठ-दहा दिवस थांबा आणि फक्त नवीन पानं बघा, जुनी वाकडी पानं परत सरळ होत नसतात, त्यांच्याकडे बघत बसलात तर निराशच व्हाल.

खुरटलेलं रोप सुधारतं की टाकून देऊ?

टोमॅटो आणि मिरची बऱ्यापैकी सुधारतात, खुरटण्याचं कारण दूर झालं की दोन आठवड्यांत ओळखू येत नाहीत. फ्लॉवर आणि ब्रोकोलीचं तसं नाही, लहानपणी अडकलेलं रोप पुढे मोठं दिसलं तरी अवेळी बटणाएवढा गड्डा धरतं आणि तिथेच संपतं, त्यामुळे ती ठेवण्यात अर्थ नाही. कुठल्याही रोपाचा शेंडाच मेलेला असेल, मधे नुसता खड्डा आणि बाजूला दोन पानं, तर तेही काढा. शंका असेल तर जुनी रोपं ठेवून शेजारी नवीन बी टाका, माती गरम आणि वाफशावर असेल तर नंतर पेरलेलं कित्येकदा पुढे निघून जातं. फक्त मुळं सडलेल्या ट्रेमधली माती पुन्हा वापरू नका, आणि ट्रे ब्लीचच्या पाण्यात, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, दहा मिनिटं बुडवून, धुवून, वाळवून मगच घ्या.